इन्व्हाइट आलं का?

हिवाळ्यात आमच्याकडे दोन गोष्टी साचतात. ड्राइव्हवेवर स्नो आणि ग्रुपमध्ये किस्से. स्नो निदान शोव्हल तरी करता येतो!

ग्रुप म्हणजे आम्ही तिघं. लातूरच्या माधुरीताई, लहान मुलांच्या डॉक्टर. नांदेडचा शिरीष, सर्जन. आणि अकोल्याची मी, फिजिशियन. इथल्या, म्हणजे कॅनडातल्या, परीक्षा तिघांनीही पास केल्यात, पण रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधली ट्रेनिंगची जागा, मिळाल्याशिवाय इथे पेशंटला हात लावता येत नाही. म्हणून अप्लाय करायचं आणि इंटरव्ह्यूच्या इन्व्हाइटची वाट बघत दर शनिवारी मिसिसागाच्या लायब्ररीत बसून कुढायचं.

*

मी एका हॉस्पिटलला फॉलो-अप केला. अगदी नम्रपणे. "अर्ज पोचला का, एवढंच कळवा."

मिनिटभरात उत्तर! घाईघाईने उघडलं, तर आतमध्ये, "अर्जाबद्दल कृपया ईमेल करू नये."

बरं बाबा, नाही करत. दुसऱ्या दिवशी त्यांचीच ईमेल. "आमच्याशी झालेला संवाद कसा वाटला? स्टार द्या!"

लेक खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "मॉम, दे डम्प्ड यू. विथ अ सर्व्हे!"

*

हे ऐकून शिरीषने थेट फोनच लावला. पलीकडची बाई फार गोड.

"तुम्ही पेशंट की नातेवाईक?"

"मी डॉक्टर आहे."

"ओह, सॉरी डॉक्टर! कुठल्या डिपार्टमेंटचे?"

"अजून कुठल्याच नाही. तेच विचारायला फोन केलाय."

गोडवा तिथेच संपला. "सर, ही लाइन फक्त पेशंटसाठी आहे."

*

माधुरीताईंना एका हॉस्पिटलच्या रेसिडेन्सी प्रोग्रामने निदान कारण तरी कळवलं. म्हणे, तुमची अलीकडची प्रॅक्टिस नाही.

ताईंनी विचारलं, "मग ती मिळवायची कुठे?"

उत्तर आलं, "रेसिडेन्सीत."

त्या दिवशी ताई लायब्ररीत इतक्या जोरात ओरडल्या, की शेजारच्या टेबलावरचे आजोबा हिअरिंग एड काढून बसले!

*

पण शिरीषला एकदा खरंच इन्व्हाइट आलं. सर्जरीचं! पठ्ठ्याने आम्हाला सांगायच्या आधी नांदेडला फोन केला. वडिलांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

संध्याकाळी दुसरी ईमेल. "आधीची ईमेल चुकून गेली. दुर्लक्ष करावे."

दुर्लक्ष करावे! अरे, माणसाच्या जिवाशी खेळता आणि वर दोन ओळींत मोकळे होता?

शिरीषने घाबरत घाबरत वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "लोकांना मी काही सांगत नाही. तू जेवलास का?"

त्या शनिवारी तो आलाच नाही. आम्ही दोघी डबा घेऊन त्याच्या बेसमेंटमधल्या खोलीवर गेलो. तो जेवला.

*

त्यानंतर आठवड्याभरात माधुरीताईंना फोन आला. त्याच हॉस्पिटलमधून, ज्यांनी त्यांना अलीकडची प्रॅक्टिस नाही म्हणून कळवलं होतं!

"आम्हाला तुम्ही हव्या आहात," बाई म्हणाली. ताई खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या.

डॉक्टर म्हणून नव्हे. नव्या रेसिडेंट्सच्या प्रॅक्टिससाठी खोटे पेशंट लागतात. ताईंनी मागे कधीतरी तिथेही नाव दिलेलं. रोल होता तापाने फणफणलेल्या बाळाच्या आईचा.

"जाऊ नका!" मी म्हटलं. "अपमान आहे हा!"

"हॉस्पिटलच्या आत तरी जाईन," ताई म्हणाल्या आणि गेल्या.

समोर कोवळा रेसिडेंट, मांडीवर रबरी बाळ. पोरगा गांगरलेला. ताप किती दिवस, दूध पितं का, सगळं विचारलं. बाळाची मान ताठ आहे का, म्हणजे मेंदूज्वर तर नाही ना, ते मात्र बघायचं विसरला. ताईंचे हात शिवशिवत होते. पण सांगायची परवानगी नव्हती.

शेवटी त्याने प्रेमाने विचारलं, "मॅम, तुम्हाला मेडिकलची काही माहिती आहे? म्हणजे त्याप्रमाणे समजावून सांगतो."

या प्रश्नाचं उत्तर ताईंना आधीच पाठ करायला दिलेलं होतं.

ताईंनी बाळाची मान नीट हातावर घेतली आणि म्हणाल्या, "नो, डॉक्टर."