सोमवार आमच्या घरचा

निफाडजवळच्या आमच्या गावातल्या शाळेला दीडशे वर्षं झाली आणि गावाला एकाएकी विद्येचा उमाळा आला. शाळेच्या दाराशी काळ्या दगडाची पाटी बसवायची ठरली. तिच्यावरचा मजकूर लिहायला चुलतभावानं मला नाशिकच्या इंदिरानगरहून बोलावून घेतलं. मी बँकेतून निवृत्त झालेली, म्हणजे त्याच्या मते रिकामटेकडी.

मजकूर असा की, पहिले मास्तर नाशिकहून चालत आले, मारुतीच्या देवळात मुलं बसवली आणि गावानं त्यांना वारावर जेवू घातलं. रोज एका घरी त्यांचं पान. आता वार सातच, आणि दगडावर नाव हवं असलेली घरं गावभर! गुरुवारावर तर तीन भावक्यांनी हक्क सांगितला. चौथ्यांनी, "सकाळचं तुमचं असंल, रातचं जेवण आमच्याकडं व्हतं," अशी वाट काढली.

आमचा सोमवार मात्र निर्विवाद. "खापरपणजोबांचा सोमवार हाय. पयलं नाव आपलंच," भाऊ छाती फुगवून म्हणाला. खरी गोष्ट मला लहानपणी आत्यानं सांगितली होती. मास्तर सोमवारी उपास करायचे. म्हणूनच खापरपणजोबांनी झडप घालून तो वार उचलला. मूठभर शेंगदाणे, वर गुळाचा खडा, झालं विद्यादान! बाकीच्या घरांत बायका भाकरी थापायच्या आणि पुण्य पुरुषांच्या नावावर जमा व्हायचं. त्या बायकांच्या लेकींना शाळेची पायरी ठाऊक नव्हती. मुलगेही ढोरांमागेच. तपासणीला दिपोटी साहेब येणार असं कळलं की पोरांना रानातून हाकून आणायचं, धुतलेले सदरे चढवून ओळीत बसवायचं, आणि साहेबाच्या घोड्यानं वेस ओलांडली की पुन्हा रानात धाडायचं. असल्या पूर्वजांचा मला काडीचा अभिमान नाही, आणि तसं मी भावाला तोंडावर सांगितलं.

"ताई, हे पाटीवर नको लिहू," तो म्हणाला.

बैठक शाळेच्या वर्गातच भरली. त्याच वेळी बाहेर इंग्रजी शाळेची पिवळी बस थांबली आणि या सगळ्या वारकऱ्यांची, म्हणजे वारवाल्यांची, नातवंडं टाय लावून उतरली. गावच्या शाळेत उरली आहेत ती द्राक्षबागांवर कामाला आलेल्या पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांची मुलं. त्यांना शिकवणाऱ्या बाई मागे भिंतीशी उभ्या होत्या. त्या रोज नाशिकहून येतात, डबा घरून आणतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या मास्तरांच्या पानावरून गाव हमरीतुमरीवर आलं होतं, पण बाईंना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मी माझी खुर्ची पुढे केली. त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"मी एक बोलू का?" त्या म्हणाल्या. "जूनमध्ये पट वाढला नाही तर ही शाळा बंद होणार आहे. मग या मुलांना हायवे ओलांडून शेजारच्या गावी जावं लागेल. ती जाणार नाहीत. बागेतच राहतील, आईबापांबरोबर. ज्या घरांची नावं दगडावर येणार आहेत, त्यांनी एकेक मूल शाळेत घालावं. तेवढ्यानंही शाळा वाचेल."

गुरुवारवाले पंख्याकडे बघू लागले. कुणी मोबाईल काढला, कुणी चष्मा पुसला. मला वाटलं, लाजले बिचारे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आपलं गाव अगदीच गेलेलं नाही, असं मनात आलं.

मग माझ्या भावानं घसा साफ केला.

"बाई म्हनत्यात ते लय महत्त्वाचं हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "हा इचार आपन केलाच नाय. शाळाच बंद पडली तर पाटी लावायची कुठं?"

सगळे एकदम बोलू लागले. सकाळपासून भांडणाऱ्या त्या माणसांचं यावर मात्र लगेच एकमत झालं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल अशी.