भुतं बघणारा केरबा

आमच्या गावाला नळाचं पाणी सोडायचं काम केरबाकडं हाय. सकाळी सहाला टाकीवर जायचं, एकेका गल्लीचा वॉल फिरवायचा, अकराला मोकळं. अकराच्या पुढं केरबा कुणाला सापडत न्हाई. घरात जातो, दाराला आतून कडी घालतो, खिडकीवर वाकळ टांगतो आन् भुताचा पिच्चर लावतो.

पन्नाशी उलटलेला किडकिडा माणूस. बिडी न्हाई, दारू न्हाई, पत्ते न्हाईत. शौक हा एकच. पोरगा धम्मानंद पुण्याला कंपनीत, त्यानं मोठा टीव्ही घेऊन दिला, नेट लावून दिलं. तेव्हापासून तेलुगूतली भुतं, कन्नडमधली भुतं, कुठल्या कुठल्या मुलखातली मोकळ्या केसांची भुतं केरबाच्या घरात येऊन जातात. बायको पार्वतीबाईला हे खपत न्हाई. पिच्चर लागला का ती शेजारच्या ओट्यावर शेंगा फोडत बसते.

"बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाच्या घरातून भर दुपारी किंकाळ्या येतात," ती म्हणते. "लोकाला काय तोंड दाखवावं?"

"आगं, भूत खरं आसतं तर मी कशाला बघत बसलो आसतो? खोटं हाय म्हणून तर मजा हाय."

केरबाचा बाप विहिरीत सुरुंग लावायला जायचा. लांबून बार ऐकू आला का माय हातातलं काम टाकायची आन् वाटेकडं बघत बसायची. बाप दिसेस्तोर चूल पेटत नव्हती. त्या भ्याला शेवट नव्हता. आज बाप आला तरी उद्या परत विहीर होतीच. मग दहाव्या वर्षी केरबानं जत्रेच्या तंबूत पहिला भुताचा पिच्चर बघितला. बाया डोळे झाकून वरडून राहिल्या होत्या. हा बी थरथरला. पण अडीच तासांनी दिवे लागले, भ्या संपलं, आन् बाहेर लोकं निवांत भजी खाऊन राहिले होते. संपणारं भ्या त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तेव्हाचा नाद आजून सुटला न्हाई.

गाव त्याला भूतमास्तर म्हणतं. पारावर बसलेले इचारतात, "काय मास्तर, आज कितीक मेले?"

"सहा. सातवी वाचली. लई पळाली बिचारी."

गेल्या पोळ्याच्या आधी शेषेरावची पोरगी वर्षाराणी अंगणात पडली. बारावीला सायन्स घेतलेली, रोज एस.टी.नं नायगावला जाणारी पोरगी. हातपाय ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस, जिभंला रगत, कपडे ओले. तिच्या आईनं, सिंधूनं कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली. दोन मिनिटांत पोरगी शांत झाली आन् झोपी गेली. आठ दिवसांत आसं तीनदा झालं. एका देवऋषीनं सांगितलं, बाहेरचं हाय, पाच अमावस्या उतारा टाका, तवर पोरीला घराबाहेर काढू नका.

आता हे बाहेरचं नेमकं कोण, ते शेषेरावला समजून घ्यायचं होतं. आन् त्यासाठी त्यानं आमच्याच गावात सुचावं आसं काम केलं. त्यानं केरबाला बोलावलं. दोघं चौथीपर्यंत एका वर्गात होते. शेषेरावचा हिशेब सरळ होता: ह्यानं जेवढी भुतं बघितली तेवढी तालुक्यात कुणी बघितली न्हाईत, हा बराबर ओळखील.

केरबा आला, बाजंजवळ बसला. पोरगी जागी होती, पण पार गळाठलेली.

"पडल्यावर काही बोलली का? मला अमुक द्या, तमक्याला सोडत न्हाई, आसं?"

"न्हाई," सिंधू म्हणाली.

"आवाज बाप्याचा झाल्ता?"

"न्हाई बा."

"भिताडावर चढली?"

"आरं केरब्या, येडा झाला का तू?" शेषेराव उखडला.

केरबानं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. "शेषा, हजारभर भुतं बघितली आसतील म्या. बिगर मागणीचं भूत आजून बघितलं न्हाई. प्रत्येकाला काहीतरी पाहिजेच आसतंय. हे काय, काही बोलंना, काही मागंना, पोरीला पाडतंय आन् निघून जातंय? तिनं जीभ चावली हाय. कपड्यात लघवी झाली. पिच्चरमधल्या बाईला कव्हा झाली न्हाई बग. ही बीमारी हाय. उद्या नांदेडला चल."

आतून पोरीचा बारीक आवाज आला, "मामा, मला कॉलेज बंद करायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी पाण्याचे वॉल पार्वतीबाईनं फिरवले आन् केरबा त्यांच्यासंगं नांदेडला गेला. मेंदूच्या डॉक्टरानं डोक्याला तारा लावून तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ, दोन-तीन वर्षं, एक दिवस चुकवायचा न्हाई. दोन महिने पोरगी पडली न्हाई. एस.टी.नं जाऊ-येऊ लागली.

खरा घोळ तिथून सुरू झाला. केरबानं भूत पळवलं, आसं गावात झालं, आन् सांगणारा खुद्द शेषेराव. त्याला ते सोयीचं होतं. भूत येतं आन् जातं, सोयरीक जुळवताना त्याचं नाव कुणी काढत न्हाई. बीमारी मात्र पोरीच्या नावाला चिकटून बसते. पुढं त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. भूत गेलं, मग गोळ्या कशाला? रोज गोळ्या खाणारी पोरगी कोण करून घेईल?

वर्षाराणी सकाळी टाकीवर आली. "मामा, बाबांनी गोळ्या खिशात घालून ठेवल्यात, देऊन न्हाई राहिले. काल घेतली न्हाई, आज बी न्हाई. मी वर्गात पडले तर?"

केरबानं घरी येऊन सांगितलं तशी पार्वतीबाई म्हणाली, "सोपं हाय. जा आन् सांग, गोळ्या बंद केल्या का भूत परत येतंय. गुमान देईल."

"आन् नसलेलं भूत म्या आणून बसवू व्हय गावात?"

"पोरगी पडंल त्याचं काय?"

केरबा उठला आन् थेट शेषेरावकडं गेला. "चल, पिच्चर बघायला."

"मला न्हाई बघायचा आसला घाणेरडा."

"भितो म्हण ना."

भितो म्हटल्यावर शेषेराव आला. केरबानं मराठीतलाच एक पिच्चर लावला. पहिल्याच किंकाळीला शेषेरावनं त्याचा गुडघा धरला तो शेवटपर्यंत सोडला न्हाई. मधी दोनदा पाणी प्याला. पिच्चर संपला तसा उठू लागला, केरबानं मनगट धरून खाली बसवलं.

"बस. आता नावं येतात ती वाच."

काळ्या पडद्यावर नावं वर सरकू लागली. केरबा बोट लावून दाखवू लागला. "ही भूत झालेली बाई. ही तिला रंग लावणारी. ही केसं लावणारी. हे दोघं तिला तारेनं वर वढणारे. हे रगत बनवणारं पोरगं. हा चहावाला. बघ, आजून चालूच हाय. एवढी माणसं राबतात तव्हा एक भूत उभं राहतंय. तुझी पोरगी पडती तव्हा तिला कोण रंग लावतंय?"

शेषेरावनं शेवटच्या नावापर्यंत वाचलं. मग म्हणाला, "जिभंचं रगत तर खरं होतं रं."

"तेच म्हणलालो मी."

"लगीन कसं व्हायचं तिचं?"

"हिरीच्या काठावर पडली तर कुणाचं लगीन लावणार हायस?"

शेषेरावनं टोपी डोक्यावर ठेवली, दारापाशी गेला आन् कडीला हात न लावता उभा राहिला. "तू चल संगं."

"आरं, दुपारचे तीन वाजलेत."

"आसू दे. चल म्हणलो ना."

दोघं गल्लीतून निघाले. पारावरचे हसले, पण शेषेरावनं तिकडं बघितलं न्हाई. घरी वर्षाराणी ओसरीत वह्या पसरून बसली होती. शेषेरावनं खिशातून चुरगळलेलं गोळ्यांचं पाकीट काढून तिच्यापुढं ठेवलं.

"राहिलेल्या दोन दिवसांच्या एकदम घेऊ का?" तिनं इचारलं.

शेषेरावनं केरबाकडं बघितलं.

"मला काय कळतंय," केरबा म्हणाला. "डॉक्टरला फोन लाव."

आत रेंज नव्हती. शेषेराव अंगणात आला. फोन लागला. पलीकडं कुणीतरी नाव इचारलं, काय होतं ते इचारलं. शेजारची बाई भिताडापलीकडं झाडून काढत होती, तिचा झाडू थांबला. शेषेरावनं तिच्याकडं बघितलं, घसा खाकरला.

"मिरगी, साहेब," तो मोठ्यानं म्हणाला. "माझ्या पोरीला मिरगी हाय. दोन दिवस गोळ्या चुकल्या. चूक माझी हाय."