एकाच कडेने झिजलेले बेअरिंग

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास आमच्या चिंचवडच्या कारखान्यात खंडेनवमीची पूजा मी सांगत असे. भटजी नव्हे, ड्राफ्ट्समन होतो. पण आवाज खणखणीत, मंत्र निम्मे खरे, निम्मे माझे, आणि अक्षता टाकताना हात असा फिरायचा की बघे खूश! एका वर्षी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसच्या विलायती पंपाशेजारच्या तेलटाकीचे झाकण उघडे होते. मला दिसले नाही. समोर प्रेक्षक असले की मला दुसरे काही दिसत नाही.

आठवड्याने पंप कोकलू लागला. बेअरिंग गेले, वर्षातले तिसरे. साहेबांनी टाकी उपसली, तळातून तांदूळ निघाले. झाकण पंप सांभाळणाऱ्या फिटरच्या ताब्यातले, म्हणून त्याला कामावरून काढायचे ठरले. अक्षता कोणाच्या, हे त्याने सांगितले नाही.

हा भोसरीचा, चौथी शिकलेला माणूस. फुटके बेअरिंग घेऊन तो माझ्या टेबलाशी आला.

"भाऊसाहेब, घाणीनं गेलं असतं तर सगळीकडनं खरडलं असतं. ह्ये एकाच कडंनं झिजलंय."

पंपातले पिस्टन तिरक्या तबकडीवर रेटतात, तो रेटा दांड्याला लांबीच्या दिशेने ढकलतो, आणि हे गोळ्यांचे बेअरिंग तसला भार सोसणारे नव्हेच. निमुळत्या रोलरांची जोडी हवी, असे त्याचे म्हणणे. मी आकृती काढून हिशेब केला. तंतोतंत बरोबर!

"सायबाला सांगा. तुमचं ऐकत्यात."

गेलो. साहेब कागदावर तांदळाचे दाणे मांडून बसले होते. पूजा कोणी सांगितली, त्यांनी विचारले. कामगारांनीच उरकली, मी म्हणालो, आणि आकृती खिशातच ठेवली. शनिवारी फिटरला कामावरून काढले.

नव्या, गाळलेल्या तेलात चौथे बेअरिंगही गेले. तेव्हा मी आकृती पुढे केली. रोलर बसले, पंप गप्प झाला, साहेबांनी माझी पाठ थोपटली.

मी भोसरीला जाऊन त्याला ही बातमी दिली, जणू बक्षीसच आणले होते. तो बांधावर बसला होता.

"मग आता सांगाल नव्हं, कुणाचं डोकं व्हतं ते?"

बघतो, मी म्हणालो.

"बघा. बलावतील म्हनून म्या दुसरीकडं काम धरलं न्हाई."

पुढच्या महिन्यात त्याच्या जागी कायमचा फिटर घ्यायचे ठरले. उमेदवारांची परीक्षा साहेबांनी माझ्यावर सोपवली. पहिल्याच माणसापुढे मी ते झिजलेले बेअरिंग ठेवले आणि विचारले, काय दिसते?