कॅमेऱ्याच्या डब्यातले तांदूळ

शहापूरच्या टिकाराम फोटोवाल्याची मी बायको, कुंता. लोक म्हणत, टिकाराम म्हणजे गरीब गाय. असेल, लोकांसाठी. घरात कॅमेऱ्याले कोणाचं बोट लागलं की मालकाचा आवाज सडकेपर्यंत जाय.

लग्नाहून आले की आधी कॅमेरा, मग पाणी. हात साबणानं धुवायचे, कोरडे करायचे, पंखा बंद करायचा. औषधाच्या दुकानातून आणलेला एक रबरी फुगा होता, तो दाबून काचेवरची धूळ उडवायची. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. मग मऊ ब्रश. अन् अगदीच गरज पडली तर धुऊन धुऊन पातळ झालेल्या धोतराचा तुकडा, काचेच्या मधून बाहेर, गोल गोल, हलक्या हातानं. इतक्या मायेनं मी पोरं न्हाऊ घातली नाहीत.

मग कॅमेरा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जाय. सोबत जुन्या तांदळाची पुरचुंडी. दर पंधरा दिवसांनी ते तांदूळ कढईत भाजायचे, गार करायचे अन् पुन्हा बांधून ठेवायचे. "तांदूळ ओल पिऊन घेतात," मालक सांगत. "नाहीतर काचेले बुरशी धरते."

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत बपेऱ्याले दिलेल्या माझ्या नणंदेच्या नवऱ्याचा पाय मोडला. मालक बहिणीचं धान कापायले तीन आठवडे तिकडे गेले, कॅमेरा घरी ठेवून. इकडे आमचं हलकं, लवकर पिकणारं धान निघालं. आमच्या घरी नवा तांदूळ आधी देवापुढे, मग ज्याच्यावर घर चालते त्याले. नांगराले दिला, जात्याले दिला. म्हणलं, कॅमेऱ्यानं काय घोडं मारलं? डब्यातले जुने तांदूळ कोंबड्यायले टाकले अन् नवे बांधले, दोन मुठी जास्तच. भाजले नाही. देवापुढचे तांदूळ कढईत घालायचे कसे?

मालकानं परत येऊन डबा उघडला. काचेवर पांढरे तंतू, कोळ्याच्या जाळ्यासारखे. मी आवाजाची वाट पाहत होती. आवाज निघालाच नाही.

"माझ्याच हातानं झालं," ते म्हणाले. "मागच्या वेळी तांदूळ कच्चे राहिले असतील. मले नाही सांभाळता येत आता. विकून टाकतो."

दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी भंडाऱ्याचा घनश्याम कॅमेरा पाहायले येणार म्हणून निरोप आला. मग मले राहवलं नाही.

"तांदूळ मी बदलले," म्हणलं. "नवे होते, भाजले नाही. मले काय बोलायचं ते बोला, पण कॅमेरा विकू नका."

मालकानं पुरचुंडी सोडली, दोन दाणे दाताखाली धरले. कट् वाजलं नाही, नुसते चेपले.

"धान वाळलं का नाही ते तू दातानं सांगतेस," ते म्हणाले, "अन् डब्यात टाकताना दात कुठी ठेवले होते?" आवाज सडकेपर्यंत गेला. मले इतकं बरं वाटलं की मी रडलीच.

नशिबानं बुरशी बाहेरच्याच काचेवर होती. कंपाउंडरकडून स्पिरिट आणलं. काचेवर नाही, धोतराच्या तुकड्यावर एक थेंब, अन् मधून बाहेर गोल. घनश्याम चहा पिऊन परत गेला.

आता काच साफ झाली का, ते पाहायले फोटो काढणं भाग होतं. "इथं उभी राय," म्हणाले. मी तशीच उभी, डोळे सुजलेले, हातात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी.

फोटो लख्ख आला. मागे लिहिलं, 'लेन्स ठीक आहे.' माझं नावही नाही. अन् तोच नेऊन आपल्या फोटोच्या दुकानात समोर लावला.

मी चिडली. "हे काय ध्यान लावलं? काढा तो."

"राहू दे," मालक म्हणाले. "बारा वर्षं झाली आपल्या लग्नाले. साऱ्या गावाचे फोटो काढले, तुझा एक काढायचं मले सुचलं नाही."

मी घरी जाऊन कढई चुलीवर ठेवली अन् डब्यातले तांदूळ भाजायले घेतले.