उंच मडगार्डची गाडी

मोटारसायकल कोणती घ्यावी असं विचारलं की माणसं किती निर्धास्तपणे खोटं बोलतात, हे मला पंचेचाळिशीत कळलं. तोवर मी समजत होतो की जनावरांच्या बाजारातल्या दलालांइतकं खोटं कुणी बोलत नसेल. दलाल निदान गाईचं तोंड उघडून दात तरी दाखवतो. गाडीवाले तेवढेही कष्ट घेत नाहीत.

मी जनावरांचा डॉक्टर. काम माहूरच्या डोंगराकडच्या वस्त्यांवर, बायको आणि मुलगी लातूरला, आई निलंग्याला. म्हणजे महिन्यातले पंचवीस-सव्वीस दिवस दगड, मुरूम, ओढे आणि शेतांमधल्या पांदणी, आणि एखाद्या शनिवारी नांदेडवरून लातूरपर्यंतचा डांबरी रस्ता. माझी जुनी गाडी शहरातल्या कारकुनासाठी बनवलेली होती. उन्हाळ्यात तिच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पाऊस पडला की मात्र काळी माती पुढच्या चाकावर चढायची. चाक आणि मडगार्ड यांच्यात जेमतेम दोन बोटं जागा. तिथे ती अशी ठासून बसायची की चाक फिरायचंच बंद व्हायचं. मग उतरायचं, औषधांच्या पिशवीतलं खुरपं काढायचं, माती खरवडायची, पन्नास पावलं जायचं, पुन्हा उतरायचं.

आमच्या भागातले निम्मे लोक पावसाळ्यात पुढचं मडगार्ड काढूनच टाकतात आणि तोंडावर चिखल झेलत हिंडतात. मला ते गबाळं वाटायचं. डॉक्टरनं वस्तीवर उतरावं तर तोंडावर राड घेऊन उतरू नये, असं माझं मत होतं.

ओढ्यापलीकडच्या शेवटच्या वस्तीवर एक बाई राहते. साठीची असेल. नवरा वारलेला, मुलगी तिकडे किनवटकडे दिलेली. तिच्याकडे एक लाल कंधारी गाय होती आणि तिचं सगळं बोलणं त्या गाईपासून सुरू होऊन त्या गाईपाशीच संपायचं. त्या पावसाळ्यात ती गाय अडली. फोन आला तसा मी निघालो, पण पांदणीत चाक सात वेळा जाम झालं. पोचलो तेव्हा वासरू पोटातच मेलेलं होतं. ते बाहेर काढलं, गाय वाचवली. हात धुताना मी तिला म्हणालो, "मावशी, पुढच्या वेताला असं होऊ देणार नाही. गाडीच बदलतो."

"बदला बाबा," ती म्हणाली. "माजं तेवढंच एक हाय."

तिचा पुतण्या बाजूला उभा होता. चिखलानं बरबटलेली माझी गाडी बघून तो म्हणाला, "डाक्टरसाहेब, म्होरचं मडगार्ड काढून देऊ का? चारच बोल्ट हायेत." मी हसलो. ते हसणं कसलं होतं ते मला चांगलं माहीत आहे.

पौषात मीच त्या गाईला कृत्रिम रेतन केलं. ती गाभण राहिली. वहीत विण्याची तारीख लिहून ठेवली, ती घटस्थापनेनंतर चार दिवसांनी येत होती. ऐन परतीच्या पावसाचे दिवस. त्याआधी गाडी घ्यायची होती, इतकी साधी गोष्ट.

सुरुवात मोबाइलपासून केली, कारण हल्ली सगळे मूर्खपणा तिथूनच सुरू करतात. तिथे कोरीकरकरीत जॅकेटं घातलेली पोरं "नमस्कार मित्रांनो" म्हणून कोरड्या नदीपात्रात गाडी पळवतात आणि लडाखबद्दल बोलतात. लडाखला गाडी कशी चालते हे मला वीस जणांनी सांगितलं. पुढच्या चाकात आणि मडगार्डमध्ये किती जागा आहे, हे एकानंही दाखवलं नाही. चिखल त्यांच्यासाठी उडवायला असतो. चिखलातून कुठे पोचायचंही असतं, हे त्यांच्या गावीही नाही.

मग मेहुण्याकडे गेलो. मेहुणा लातूरला शिकवण्या घेतो, त्यात बरं कमावतो आणि कमावलेलं अंगावर दिसलं पाहिजे अशी त्याची ठाम श्रद्धा आहे. त्याच्याकडे चारशे सीसीची एक धिप्पाड गाडी आहे. तिला तीन पत्र्याच्या पेट्या, दोन जादा दिवे आणि टाकीवर डोंगराचं स्टिकर. खरा डोंगर त्या गाडीनं पाहिलेला नाही. दर रविवारी पहाटे तो आणि त्याचे सहा मित्र गुडघ्याला ढाली बांधून निघतात, औशाच्या रस्त्यावरच्या ढाब्यावर पोहे खातात, फोटो काढतात आणि दहाच्या आत घरी येऊन झोपतात. त्याला ते 'राइड' म्हणतात.

"दाजी, चारशेच्या खाली बघूच नका," तो म्हणाला.

"वजन किती हिचं?"

"दोनशेच्या आसपास. वजन पाहिजेच. वजनानं रोड धरून चालते गाडी."

"आणि ओढ्यात पडली तर?"

"पडू द्यायचीच कशाला?"

पोहे खाऊन आलो.

शिरूर अनंतपाळला एकजण जुनी गाडी विकतोय असं कळलं. पाहिजे होती तशीच, उंच, बारीक, तारांच्या चाकांची, म्हणून मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. मालकानं ती घासूनपुसून नवरदेवासारखी उभी केली होती. "सर, एकदाबी कच्च्यात घातलेली न्हाई," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. कच्च्यात जाण्यासाठीच बनवलेली गाडी कच्च्यात घातली नाही, याचा त्याला केवढा अभिमान! मी खाली वाकलो. इंजिनाखालची पत्र्याची पट्टी ठेचून पार सपाट झाली होती आणि पुढची रिंग वाकडी होती. मी त्याला ते दाखवलं, तर म्हणाला, "ते कंपनीतूनच तसं येतंय." त्याच्या तोंडावरची रेषही हलली नाही.

नांदेडच्या शोरूममधला विक्रेता मात्र माझ्या कायम लक्षात राहील. टाय लावलेला, पंचविशीचा, हातात टॅब. त्यानं मला पडद्यावरचे आकडे सांगितले, मोबाइल गाडीला कसा जोडायचा ते सांगितलं. मी म्हणालो, "ही आडवी पाडा."

"काय सर?"

"इथं फरशीवर आडवी पाडा. मला एकट्याला उचलता येते का बघायचंय."

तो आधी हसला, मग त्यानं वॉचमनकडे बघितलं, मग मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं मला पाणी दिलं. मी पाण्याचा ग्लास हातात धरून पुन्हा तेच सांगितलं. शेवटी खाली जुनी गादी टाकून त्यांनी टेस्ट राइडची गाडी आडवी केली. मी पाठ टेकवून, हँडल धरून ती उचलली. जड गेली, पण उचलली. मग गुडघ्यावर बसून पुढचं मडगार्ड बघितलं. ते चाकाला चिकटलेलं नव्हतं, वीतभर वर होतं. मधून माझी अख्खी मूठ आरपार गेली. पुढचं चाक मोठं, तारांचं. आतून ट्यूब, म्हणजे माहूरचा पंक्चरवालाही काढू शकेल. सीट उंच होती, दोन्ही पाय पुरते टेकत नव्हते, एकाच पायाचा चवडा टेकत होता. चालेल. दोनशे सीसी, महिन्यातून एकदा लातूर गाठायला पुष्कळ झाले. किंमत माझ्या आवाक्यातली. मेहुण्याच्या पेट्यांच्या आणि दिव्यांच्या पैशात तिचं निम्मं काम झालं असतं.

आईला फोनवर सांगितलं तर तिनं एकच विचारलं, "ॲव्हरेज किती?" आमच्या घरात गाडीबद्दल दुसरा प्रश्न विचारायची पद्धत नाही.

इतकं सगळं करेपर्यंत श्रावण संपला होता. होळीच्या सुमारास शोधायला लागलो होतो, म्हणजे सहा महिने लागले. बाकीच्यांना नावं ठेवत मीही रोज तासभर मोबाइलवर गाड्या बघत बसायचो, हेही सांगून टाकतो. पैसे भरले. गणपती उठले आणि शोरूममधून फोन आला, "सर, गाडी तयार आहे. नंबरही आलाय. कधी येताय?"

दुसऱ्या दिवशी पितृपंधरवडा लागत होता. मी आईला कळवलं की परवा गाडी आणायला नांदेडला जातोय.

"उद्या पितरं बसतेत," ती म्हणाली. "या पंधरा दिवसांत नवं काही आणायचं न्हाई बाबा. तुझ्या बापानं कधी आणलं न्हाई. घट बसू दे."

माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कॉलेजात असल्यापासून नाही. गाईच्या शिंगाला काळा दोरा बांधणाऱ्यांची मी वस्तीवर चारचौघांत थट्टा करत आलोय. पण म्हटलं, आईचं मन कशाला मोडायचं? सहा महिने थांबलो तर पंधरा दिवसांनी काय बिघडतंय? शिवाय वहीत तारीख घट बसल्यानंतरची होती. विक्रेत्याला सांगितलं तर त्याचा जीव भांड्यात पडला. "बरोबर आहे सर, या पंधरवड्यात डिलिव्हरी कोणीच घेत नाही. घटस्थापनेला या. हार, पेढे, फोटो, सगळं करू. वर हेल्मेट फ्री." गाडी प्लास्टिक गुंडाळून मागच्या भिंतीला लावून ठेवली, असंही त्यानं कौतुकानं सांगितलं.

वहीतली तारीख गाईला दाखवता येत नाही, आठ-दहा दिवस ती सहज पुढे-मागे होते, हे मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगत असतो. ते माझं पोट भरायचं ज्ञान आहे.

पंधरवड्याच्या नवव्या दिवशी, सकाळी आठला, बाईचा फोन आला. रात्रभर पाऊस लागून होता. वासरू अडलं होतं, पुतण्यानं आणि आणखी दोघांनी ओढून काढलं होतं, कालवड होती, जिवंत होती. पण पाठोपाठ मायांग, म्हणजे गर्भाशयच, बाहेर पडलं होतं. "लई रगत चाललंय, डाक्टरसाहेब. लवकर या. नव्या गाडीवर या."

मी जुन्या गाडीवर निघालो. पांदण सुरू झाली तिथे चाक पहिल्यांदा बसलं. उतरलो, खुरपं काढलं. पुढे किती वेळा उतरलो ते मोजायचं मी सोडून दिलं. शेवटी ओढ्याच्या अलीकडे गाडी इतकी रुतली की ढकलायलाही येईना. ती तिथेच टाकली आणि पिशवी डोक्यावर घेऊन चालत निघालो. दर पावलाला बुटाला पायलीभर माती येत होती. मला कुणाचा राग येत होता ते कळत नव्हतं. आईचा आणून बघितला, तो टिकला नाही.

पोचलो तेव्हा गाय मान टाकून पडली होती. बाईनं ते बाहेर पडलेलं मायांग आपल्या धुतलेल्या लुगड्यावर, मांडीवर धरून ठेवलं होतं, मातीला लागू नये म्हणून. किती तास ती तशी बसली होती कोण जाणे. मी सलाइन लावलं, हात धुतले, आत ढकलायला घेतलं. बरंच आत गेलंही. आणि माझा हात आत असतानाच गाय गेली. हे असं हाताला कळतं.

बाई रडली नाही. मांडीवरचं लुगडं तिनं बाजूला केलं, उठली, कालवडीला पोत्यानं पुसायला लागली. पुसता पुसता माझ्याकडे न बघता म्हणाली, "नवी गाडी घेतली म्हणत होते ना तुमी? कुटं हाय?"

मला खोटं बोलता आलं असतं. सहा महिने मी खोटं बोलणारी माणसंच ऐकली होती. म्हणालो, "नांदेडलाच आहे, मावशी. पैसे भरून. पितरं बसलेत म्हणून आणली नाही."

तिनं पोतं खाली ठेवलं.

"आमच्या गाईला कुनी सांगितलंच न्हाई बाबा, पितरं बसलेत म्हून," ती म्हणाली.

आजवर मला पुष्कळ शिव्या मिळाल्यात. कुणाची म्हैस मेली, कुणाचा बैल. असं कुणी बोललं नव्हतं, आणि मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. मी पिशवी भरली. तिला पैसे विचारायचा प्रश्न नव्हता. दुपारी कालवडीसाठी दूध कुठून आणायचं ते पुतण्याला सांगितलं, बाटली कशी धरायची ते दाखवलं आणि निघालो.

पुतण्या माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत आला. दोघांनी मिळून गाडी चिखलातून वर काढली. मी खुरपं काढलं. त्यानं मला हातानं बाजूला सारलं, खिशातून पाना काढला आणि खाली बसला. या वेळी त्यानं विचारलं नाही. चार बोल्ट काढले, मडगार्ड ओढून बाहेर घेतलं, बोल्ट माझ्या तळहातावर ठेवले. पाच मिनिटंही लागली नसतील.

"जावा आता," तो म्हणाला.

मी गाडी सुरू केली. तोंडावर, चष्म्यावर, छातीवर राड उडत होती. चाक एकदाही बसलं नाही. जाताना मला अडीच तास लागले होते. येताना पंचवीस मिनिटं लागली.