केविनसाहेबांचं ब्लँकेट

गेल्या शुक्रवारी एक गोष्ट झाली आणि तेव्हापासून माझं कशात म्हणून लक्ष लागत नाहीये. म्हटलं लिहून टाकावं, निदान डोक्यातून तरी जाईल...

आमचा कॅम्प सौदीत, रास अल खैरला. मी इथे वेल्डिंग फोरमन. सौदायझेशन, म्हणजे परक्यांच्या जागी सौदी माणसं घेणं, सुरू झाल्यापासून दर महिन्याला कुणाची ना कुणाची बॅग भरली जाते. माझ्या जागेवर येणारा सौदी पोरगा गुणी आहे, मन लावून शिकतो... आणि तो जितकं छान शिकतो तितके माझे इथले दिवस कमी होतात. दापोलीला दोन मुली शिकतायत. बायको रोज फोनवर एकच विचारते, "पुढे काय?"

माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं होतं. इंग्लंड! आमचे वेल्डिंग इन्स्पेक्टर केविनसाहेब तिकडचेच. साठी उलटलेला माणूस, कामात महाखडूस, पण मनाने सरळ. त्यांनाही या खेपेला फायनल एग्झिट लागला, म्हणजे कायमचं घरी. जाता जाता त्यांनी तिकडे कुणाकडे माझ्यासाठी शब्द टाकला तर माझं भलं होईल, असा हिशेब.

आता आमच्या कॅम्पची एक रीत सांगतो. जाणारा माणूस खोलीतलं सामान मागे राहणाऱ्यांना देऊन जातो. आपल्यातला गेला तर झाकण नसलेली किटली मिळते. पण गोरा गेला की मायक्रोवेव्ह, हीटर, बूट... सगळं! म्हणून गोऱ्याच्या फायनल एग्झिटला कॅम्पात लग्नघरासारखी धावपळ असते.

त्यात यंदा थंडी कडाक्याची आणि आमच्या खोलीतला हीटर जळालेला. माझे रूममेट रफीकभाई, श्रीवर्धनचे, सकाळपासून मागे लागलेले. "अरे जा ना बाबा, यल्ला! नायतर दुसरा कोन तरी उचलून नेल."

मी गेलो. वाटेत शब्द टाकण्याबद्दलचं इंग्लिश दोनदा घोकलं.

दार उघडंच होतं. साहेब जमिनीवर बसून हीटर त्याच्या मूळ खोक्यात भरत होते, आणि कोपऱ्यांतल्या फटींत मोजे कोंबत होते. मी आपला दात काढून म्हणालो, "सर, हीटर फॉर मी?"

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. म्हणाले, "नाही रे, हा मला घरी न्यायचाय." मला वाटलं मस्करी. मी मोठ्याने हसलो... आणि एकटाच हसतोय हे कळायला जरा वेळ लागला.

मग ते बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, कामाशिवाय काही. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत होते. ती खाण बंद पडली आणि गावच बसलं. ज्या गावाने अख्ख्या देशाला कोळसा पुरवला तिथली पोरं हिवाळ्यात घरातले कोट अंगावर ओढून झोपायची, बुटाच्या भोकावर आतून पुठ्ठा लावून शाळेत जायची.

बरं, हे जुनं झालं म्हणावं, तर आजही त्यांची म्हातारी बहीण सकाळी उठून लायब्ररीत जाऊन बसते. वाचायला नव्हे... तिथे ऊब असते म्हणून! घर तापवणं परवडत नाही. आठवड्याचं धान्य चर्चमधून येतं. साहेबांचं स्वतःचं घर घटस्फोटात गेलं, इथला पगार बहिणीच्या भाड्यात आणि औषधांत. आता तोही बंद. हीटरवर निदान एक खोली तरी तापेल, म्हणाले.

मला तर वाटायचं, तिकडे भिंतीसुद्धा गरम असतात.

तेवढ्यात त्यांनी जरा चाचरत विचारलं, "तुम्ही लोक सुट्टीवर जाताना ते जाड ब्लँकेट नेता ना, ते कुठे मिळतं?"

संध्याकाळी आम्ही जुबैलच्या बाजारात गेलो. दुकानदाराने वाघाचं चित्र दाखवलं, गुलाबांचं दाखवलं. साहेबांनी बहिणीसाठी गुलाब घेतले.

परत आल्यावर खोका मीच बांधला, आपल्या पद्धतीने. गुडघ्याने दाबून दाबून, नायलॉनची दोरी आडवी-उभी आवळून. गाठ मारताना त्यांनी तिच्यावर बोट धरलं. खोक्यावर पत्ता लिहायला सवयीने मी मार्कर घेतला आणि विचारलं, गाव कुठलं, जिल्हा कुठला? ते खळखळून हसले. मलाही हसू आलं.

निघताना त्यांनीच विचारलं, "तुला अजून काहीतरी बोलायचं होतं ना?" घोकलेलं सगळं विसरलो होतो, कसंबसं सांगितलं. म्हणाले, "शब्द टाकतो. वेल्डरला काम मिळेल. पण मुलींना आणायची घाई करू नकोस. आधी एकटा ये, एक हिवाळा काढून बघ. उतरायला माझ्या बहिणीकडे ये, सोफा आहे."

सोमवारी ते गेले.

काल हे सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तिकडे पण कॅम्पच म्हणा की."

कदाचित जाईनही, मुलींसाठी जावंच लागेल... रोज सकाळी ठरवतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बदलतो. पण परदेशातून घरी गेलेला माणूस तिथलं खरं कुणाला सांगत नाही, आणि परदेशात आलेला आपल्या घरचं खरं सांगत नाही. केविनसाहेबांनी मला सांगितलं, तेही मी त्यांचा हीटर मागायला गेलेलो असताना. साहेब, तुमचे उपकार आहेत.