हवालदार परत आला तेव्हा

टीव्हीवरच्या त्या गुन्ह्यांच्या मालिकेत एक हवालदार होता. पोट सुटलेला, साहेबाला उलट बोलणारा, पण चोर बरोबर हुडकणारा. साहेबाचं कुणाला काही नव्हतं. निपाणीत आमच्या गल्लीचा सगळा जीव त्या हवालदारावर. टीव्ही गल्लीत एकच, समोरच्या काकूंकडं.

पहिल्यांदा त्याला गोळी लागली आणि तीन-चार आठवडे तो दिसलाच नाही. बायका विड्या वळता वळता हळहळायच्या. मग एका रविवारी संध्याकाळी तो हाताला पट्टी बांधून चौकीच्या दारात उभा राहिला, तशी माझी आई उठली, काकूंच्या चुलीकडं गेली आणि भाकरीचा तुकडा न् पाण्याचा तांब्या आणून टीव्हीवरून ओवाळला! मरणाच्या दारातनं आलेल्या माणसाला तसंच आत घेत नसतात, हे तिचं म्हणणं.

"अगं बाई, पाणी सांडलं तर करंट बसंल!" काकू ओरडल्या. आम्ही पोट धरून हसलो.

दुसऱ्यांदा तो साहेबाशी भांडून, पट्टा टेबलावर टाकून गेला. त्याच्या महिनाभर आधी माझा भाऊ अण्णा घर सोडून गेला होता. वखारीत तंबाखू हलवत जन्म काढणार नाही, बेळगावात कारखान्यात जातो म्हणाला. आप्पा म्हणाले, "जा. पर परत ह्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा न्हाय." बापलेक दोघंही हट्टी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. अण्णा बेळगावातच अनगोळात खोली घेऊन राहिला. एसटीनं दोन तासांची वाट, पण कोण कुणाकडं गेलं नाही. आई रोज एक भाकरी जास्त थापायची आणि दुसऱ्या दिवशी शिळी स्वतः खायची. ते बघून मला अण्णाचा लई राग यायचा.

हवालदार परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, आप्पा सोप्यात उभे होते. धुतलेलं धोतर, ठेवणीतली टोपी. टीव्ही बघायला ते कधी यायचे नाहीत, म्हणून त्यांनी विचारलेलं ऐकून मला नवल वाटलं.

"आला का गं तुमचा हवालदार?"

"आला की."

"आपणहून आला, का साहेब गेलता आणायला?"

साहेब गेला होता. त्याच्या गावी जाऊन, त्याच्या घरचा चहा पिऊन, त्याला घेऊन आला होता. पण थोरल्या माणसानं नमतं घेतलेलं आप्पांना रुचायचं नाही, आणि मला त्यांची मर्जी राखायची होती. अण्णावरचा राग होताच.

"आपणहून," मी म्हटलं.

"मग!" आप्पा म्हणाले. ठेवणीतली टोपी त्यांनी पेटीत ठेवली, धोतर बदललं आणि वखारीला गेले.

सोमवारी वखारीला जाताना कुणी धुतलेलं धोतर नेसतं का? एवढंसुद्धा माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आईनं पुढं सांगितलं, ते नऊच्या बेळगाव गाडीला निघाले होते. तिनं अण्णासाठी फडक्यात भाकरी बांधून दिली होती. ते एक खोटं मला अजून खातं.

त्याच वर्षी थंडीत आप्पांच्या छातीत कळ आली आणि घटकाभरात सगळं संपलं. निरोप मिळाल्यावर अण्णा दुपारच्या गाडीनं आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, काही केल्या आत येईना. आई सवयीनं उठली, चुलीपाशी गेली आणि तशीच मोकळ्या हातानं मागं फिरली. मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नव्हती, ओवाळायला भाकरी कुठली असणार.